पन्नासवरचा काटा

खोऱ्यात तिला सगळे वीजबाई म्हणत. ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून अर्ध्या तासाच्या चढावर, खोऱ्याचं स्वतःचं वीजघर होतं. राजधानीतल्या सरकारने "तुमच्यापर्यंत तारा आणणं परवडत नाही" असं तीनदा कळवल्यावर लोकांनी हट्टाला पेटून ते बांधलं होतं. तिचा नवरा तिथला पहिला चालक. तो गेला तेव्हा समितीने दुसरा माणूस शोधायला घेतला. चार महिने शोधूनही कोणी मिळेना आणि तेवढ्यात यंत्र तिच्या हाताला सरावलं. तेवीस वर्षं झाली त्याला.

काम ऐकायला सोपं होतं. भिंतीवर यंत्राची गती दाखवणारा एक काटा, तो पन्नासवर ठेवायचा. खाली कोणी मोठी मोटर सुरू केली की काटा घसरे. मग झडपेचं लोखंडी चाक थोडं उघडून पाणी वाढवायचं. मोटर बंद झाली की काटा वर उडे, मग चाक उलट फिरवायचं. हे दिवसभर डोळ्यांत तेल घालून. संध्याकाळी रात्रपाळीवाला आला की ती वस्तीबाहेरच्या आपल्या घरी जाई.

पण त्या काट्यावर तिला अख्खं खोरं दिसे. काटा एकदम दीड रेघ खाली म्हणजे लाकूडकापणीचा कारखाना उघडला. थरथरत खाली म्हणजे वेल्डरने काम काढलं. अकराच्या सुमारास हळूच वाकला की पिठाची गिरणी. एकदा तीन दिवस अकराला काटा वाकलाच नाही, तेव्हा ती पाळीवाल्याला म्हणाली, "गिरणीवाल्याकडे काहीतरी झालंय." म्हातारा गिरणीवाला गेला होता. निरोप तिच्यापर्यंत कोणी आणलाच नव्हता. वर वीजघरात कोण कशाला चढेल?

मग केंद्राच्या नियामक मंडळाचा हुकूम आला. देशातलं प्रत्येक वीजघर राष्ट्रीय तारांना जोडायचं, कुठलं चालवायचं नि कुठलं थांबवायचं ते राजधानीतून ठरणार. न जोडणारं बंद. खोऱ्यात सभा झाली. समितीचा अध्यक्ष तिचा धाकटा दीरच होता. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "आम्ही अंधारात होतो तेव्हा हे कुठे होते? आता आयत्या बिळावर नागोबा!" टाळ्या पडल्या. अर्ज झाले, खटला उभा राहिला, निकाल न लागताच पाच वर्षं गेली. आणि एका सकाळी मंडळाचा अधिकारी दोन पोलीस घेऊन चढ चढून आला. हातात लाखेची कांडी आणि शिक्का.

"यंत्र बंद करा, सील लावायचंय," तो धापा टाकत म्हणाला.

"बसा आधी. पाणी घ्या."

तो पाणी प्यायला. "करा आता बंद."

"मी नाही करणार."

"मग कसं करायचं ते सांगा."

"तेही नाही सांगणार. उलटसुलट फिरवलंत तर पाण्याचा मोठा नळ फुटेल, आणि आपण चौघंही ओढ्यात सापडू."

पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. अधिकारी तासभर खुर्चीवर बसून राहिला. ती काट्याकडे बघत चाक फिरवत राहिली. तोवर खालून शंभरेक माणसं आली, घोषणा झाल्या, आणि तो कागदावर काहीतरी खरडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. आठवडाभर लोक चढून येत होते, तिच्याबरोबर उभे राहत होते. इतक्या वर्षांत तिने एवढा चहा केला नव्हता.

निकाल खोऱ्याच्या बाजूने लागला. वीज तुमची, तारा तुमच्या, ताबा तुमचा. फक्त एक अट होती, आणि ती सांगायला दीर स्वतः वर आला.

"वहिनी, जिंकलो आपण! सुरक्षेचं तेवढं पाळायचंय. हाताने चालवायचं नाही म्हणे. एक स्वयंचलित पेटी बसवायची, की झालं."

"मग मी काय करायचं, भावजी?"

"तुम्ही आराम करायचा! खूप केलंत आमच्यासाठी." तो खरंच मनापासून बोलत होता. तिला त्याच्यावर रागावताही येईना.

पेटी कपाटाएवढी होती. बसवली त्या दिवशी ती शेवटची काट्यासमोर बसली. काटा पन्नासवर उभा होता, खिळा ठोकल्यासारखा. अकरा वाजले, बारा वाजले. खाली कोण उठलं, कोण कामाला लागलं, काही कळेना. दुपारी डबा न उघडताच ती खाली उतरली.

समितीने तिचा सत्कार केला, शाल दिली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणावं तर कोणी वाईट वागलं नव्हतं. फक्त आता तिला कोणाकडे काही काम नव्हतं. एकदा ती दोन किलो गहू घेऊन गिरणीत गेली. म्हाताऱ्याचा जावई गिरणी चालवत होता. ती जात्याजवळ उभी राहून तो आवाज ऐकत राहिली.

"अकराला सुरू करता ना तुम्ही? मधे दोनदा थांबता?"

"हो. का हो?"

"काही नाही."

"जरा मागे सरका काकू, पीठ उडतंय."

शहरातली बहीण कितीदा बोलवत होती. एक दिवस तिने दाराला कुलूप लावलं आणि गेली. बहिणीच्या घरी माणसं पुष्कळ होती आणि सगळी घाईत. टीव्ही सारखा चालू. आठ दिवसांनी ती परत आली.

त्यानंतर चार दिवसांनी दीर रस्त्यात भेटला. सभेला निघाला होता, बगलेत फायली.

"वहिनी, ताई बोलवतायत ना शहरात? जाऊन या की एकदा. तेवढाच बदल."

"जाऊन आले."

"अरे! कधी?"

"आठ दिवस होते."

"असं होय," तो म्हणाला. थोडा ओशाळला, मग घड्याळ बघून म्हणाला, "बरं केलंत," आणि निघाला. ती बाजूला सरून त्याला वाट देऊन उभी राहिली, आणि तो वळणाआड गेल्यावर घराकडे वळली.