लाल झाकणाची वही

कंपनीत आमच्या टेबलावर चौदा बायका कामाला होत्या. टॉवेलच्या कडांना राहिलेले धागे कापायचे, घडी घालायची, पुढे सरकवायचं. संडासाला जायचं तर खांबावरच्या खिळ्याला टांगलेलं लाल झाकण घेऊन जायचं. कुठल्याशा डब्याचं जुनं झाकण, त्याला तार ओवलेली. ते खिळ्यावर असेल तरच उठायचं. एकीने परत आणून टांगलं की दुसरी.

आधी एवढंच होतं. मग सुपरवायझरने वही आणली. कोण उठली, किती वाजता गेली, किती वाजता आली, हे लिहायचं. त्याने ती आधी बारावी झालेल्या मुलीपुढे धरली. ती म्हणाली, "मी धागे कापायला आलेय, पहारा करायला नाही." दुसरीने चष्मा नसल्याचं सांगितलं. तिसरी नुसती हसली. मी मान खाली घालून कापत होते. वही माझ्यापुढे आली.

मी माकुणसारला चौथीपर्यंत शिकले. खरं लिहायचं तर वही हातात आली तेव्हा मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुणी मला काही लिहायला सांगितलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या कडेने मी तीन सरळ रकाने आखले.

टेबलावर माझ्या शेजारी बसायच्या त्यांना मी वहिनी म्हणायची. सरावलीत राहायलाही आम्ही शेजारी, खोल्यांची भिंत एकच. त्या मूळच्या दातिवऱ्याच्या, आवाज मोठा. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा त्यांनीच मला कामाला आणलं. ठेकेदाराशीही त्याच बोलल्या, मी त्याच्यासमोर तोंड उघडलं नव्हतं. गावाहून आल्या की माझ्या दारात सुकटीची वाटी ठेवून ओरडायच्या, "बाय, मांजर खाईल गो!"

वही बघून त्या म्हणाल्या, "आता माज्या मुताचीबी हजेरी घेशील?" सगळं टेबल हसलं. मीही हसले.

बारावीवाली मात्र हसली नाही. डबा खाताना ती मला हळूच म्हणाली, "ताई, ही वही सगळ्यांसाठी नाही. पंखा आठवतोय ना?"

आठवत होता. उन्हाळ्यात आमचा पंखा बंद पडला होता. सुपरवायझर रोज उद्या म्हणायचा. शेवटी वहिनी त्याला न विचारता कंपनीच्या साहेबांकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पंखा लागला. साहेबांनी सुपरवायझरला सगळ्यांदेखत झापलं होतं. तो तेव्हापासून वहिनींशी जरा जास्तच गोड बोलायचा.

आणि त्या दिवसांत वहिनींच्या अंगावरून फार जात होतं. पंधरा-पंधरा दिवस थांबायचं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना चार-चार वेळा उठावं लागायचं. टेबलावर हे मला एकटीला माहीत होतं. "कोणाला बोलू नको," त्या म्हणाल्या होत्या. "आजारी बाय म्हटलं का पयलं माजंच कार्ड जाईल." रोज सकाळी ठेकेदाराचा माणूस गेटवर कार्डं देतो. ज्या बाईला कार्ड मिळत नाही ती तिथूनच परत जाते.

म्हणून मी चारच्या जागी दोनच लिहायची. आठवडाभर चाललं. मग एके दिवशी सुपरवायझर माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"मैं खांबे के पीछे से गिन रहा था. चार बार गयी. वही में दो. बाकी दो किधर गये?"

मी हातातल्या टॉवेलची घडी घातली.

"वही झूठी, तो कल से तेरा कार्ड नहीं."

नवरा रोज सकाळी मजुरीसाठी नाक्यावर उभा राहून दुपारी रिकामा परत येत होता. दोन मुली शाळेत. दुसऱ्या दिवसापासून मी चार लिहिले. एकदा पाच.

महिना भरला आणि वहिनींना दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये यायचं बोलावणं आलं. वही लिहिणारी म्हणून मलाही. संध्याकाळी त्या माझ्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. मी माफी मागणार होते, त्यांनी मागू दिली नाही.

"तुजं पोट हाय, मना कळतं. पण उद्या एक कर. मी सांगितलं तर बहाणा म्हणतील. वही तुजी, तुजं ऐकतील. बाईचं दुखणं हाय, एवढंच बोल. लांबड लावू नको."

मी हो म्हटलं. भांडी घासताना वाक्य घोळवत राहिले. साहेब, वहिनींच्या अंगावरून जातं. साहेब, वहिनींच्या अंगावरून जातं.

केबिनमध्ये तीन पुरुष होते. साहेब, ठेकेदार आणि सुपरवायझर. साहेबांनी पान उलटलं आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. हे सगळं खरं लिहिलंय?"

"हो."

"आणखी काही सांगायचंय?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. वहिनींनीही. इथे घरी, मुलीच्या वहीत ते वाक्य दोनदा लिहिताना मला काही लागलं नाही. तिथे ते तोंडातून निघालं नाही. असलं मी नवऱ्यासमोरही कधी बोललेले नाही. मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिले.

शेवटी वहिनीच बोलल्या. "साहेब, मना तरास हाय."

"कसला त्रास?"

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, तिची मान खाली गेली. सुपरवायझर म्हणाला, "पहले दिन क्यों नहीं बताया?" साहेबांनी वही मिटली.

बाहेर आल्यावर सुपरवायझरने ती माझ्या हातात परत दिली. "तेरे को क्यों दी, मालूम है? तू बोलती नहीं."

दुसऱ्या दिवशी गेटवर वहिनींना कार्ड मिळालं नाही. त्या वळल्या, मी आत गेले.

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. महिनाभर भिंतीपलीकडून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. मग त्यांनी खोली सोडली, दातिवऱ्याला गेल्या म्हणतात. दारात काही ठेवलं नाही.

मी सुपरवायझरला सांगून पाहिलं, वही नको. तो म्हणाला, "कार्ड भी नहीं चाहिए?" आता कामावर मी पाणी पीत नाही. त्या वहीत माझं नाव येऊ नये म्हणून. लघवीला आग होते, ती घरी येऊन सोसते.

वहिनींच्या जागी विक्रमगडकडची नवी बाई आली आहे. आज तिने जेवणाच्या आधी तिसऱ्यांदा झाकण घेतलं. ते पोटाशी धरून माझ्यापाशी थांबली. तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण इकडे तिकडे बघून ती चालू लागली. काय होतंय, एवढं मी विचारायला हवं होतं.

मी घड्याळ पाहिलं आणि लिहिलं.