वामनभाऊंनी मागे घेतलेलं परीक्षण

वामनभाऊंच्या मुलीचा, सुनंदाचा फोन सकाळी आला. "काका, बाबूजी गेले... झोपेतच. काही त्रास नाही झाला जी." फोन ठेवला आणि रडू येण्याआधी मला सुटल्यासारखं वाटलं. वामनभाऊ मन मोकळं करून गेले होते. आदल्याच महिन्यात, अर्जुनी मोरगावच्या त्यांच्या घरी, ते मी स्वतः पाहिलं होतं.

तरुणपणी वामनभाऊ गोंदियाच्या एका साप्ताहिकात चित्रपटांवर लिहीत. त्यांचं एकच परीक्षण लोकांच्या लक्षात राहिलं. युद्धकाळात शत्रूच्या मुलखात शिरलेल्या गुप्तहेराचा तो चित्रपट समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. आज तो अभिजात मानला जातो. वामनभाऊंनी मात्र लिहिलं, शेवट धडधडीत खोटा आहे, असा कोणी परत येत नसतो. गावात गहजब झाला. टॉकीजच्या मालकाने भर बाजारात हटकलं, "पूरा हिंदुस्थान ताली बजा रहा है, आप ही को तकलीफ है?" पुढे आयुष्यभर लोकांनी त्यांना यावरून चिडवलं. मीही कितीदा वाद घातला. छायाचित्रण, तो संयत अभिनय, पुलावरच्या झडतीचा थरार... सगळं ते मान्य करत. शेवटाचा विषय निघाला, की उठून जात.

थंडीतल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. सुनंदा म्हणाली, "त्या पिच्चरची साफ केलेली प्रत आली आहे. लावू काय?" आश्चर्य म्हणजे वामनभाऊ म्हणाले, "लाव." शेवटी गुप्तहेर आपल्या गावी परततो, दारात बसलेली आई त्याला दुरूनच ओळखते... आणि वामनभाऊ हमसून रडू लागले.

"काऊन रडून राहिले, बाबूजी?"

"दादा आठवला."

त्यांचा थोरला भाऊ त्याच युद्धात बेपत्ता झाला होता. हे आम्हांला ठाऊक होतं. पण त्या परीक्षणाशी त्याचा संबंध कोणी जोडलाच नव्हता.

"पिच्चर चांगलाच होता, गुरुजी," डोळे पुसत ते मला म्हणाले. "त्याच्या मायले तिचा पोरगा भेटला. आमची माय बी दारातच बसून राहे... मले ते पाहवलं नाही, म्हणून खोटं म्हटलं." मग एकदम हसले. "कायले भांडून राहिलो होतो गा इतकी वर्षं! लिहून टाका कुठं तरी, वामनने परीक्षण मागं घेतलं." त्या संध्याकाळी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

म्हणून हे लिहितो आहे.

मागच्या रविवारी आमच्या चित्रपट मंडळाने गोंदियात तोच चित्रपट दाखवला. वामनभाऊंची एक सवय होती... 'समाप्त'ची पाटी पूर्ण विझेपर्यंत ते उठत नसत, शेजाऱ्यालाही हात धरून बसवत. दिवे लागले, खुर्च्या वाजू लागल्या. सुनंदा हलली नाही. मी उठायला लागलो, तर तिने माझा हात धरला.