शेषेराव उभे राहिले

शेषेराव सिंधुला बघायला मुदखेडला आले, पण त्यांना बसलेलं मात्र कुणी पाहिलं नाही. चहा येईस्तोवर त्यांनी विहिरीत डोकावलं, म्हशीचे दात तपासले, शेजारचं एक भांडण मिटवलं, दुसरं लावून दिलं. आणि सिंधु पोहे घेऊन आली तेव्हा नवरदेव पत्र्यावर चढून निघालेले खिळे ठोकत होते. "पोरगी पसंत हाय," त्यांनी वरूनच कळवलं. सिंधुने होकार दिला, तोही मान वर करून.

लोह्याजवळच्या त्यांच्या गावात दरसाल सप्ताह होतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. ती ज्याच्या गळ्यात, त्याने नाम घेत देवापुढे उभं राहायचं, दुसरा येऊन ती घेईपर्यंत. शेषेरावांना एका साली वीणेचा पहारा मिळाला आणि नेमकी फाट्यावर मारामारी जुंपली. शेषेरावांनी वीणा मुळीच खाली ठेवली नाही. ते वीणेसकट फाट्यावर गेले.

"आपली वीना भांडन बघून आली," सप्ताहाचे कारभारी बजरंगआप्पा म्हणाले. पुढच्या सालापासून शेषेरावांच्या हाती पंगतीतली वरणाची बादली आली. गाव म्हणालं, माणूस जागेवर लागला. घरी मात्र शेषेरावांना घास उतरेना. "देवापुढं घटकाभर उभं राहता येत न्हाई, मंग आपन कशाचे मानसं?"

सिंधुने त्यांच्या हातात मुसळ दिलं. "ही वीना समजा. चहा उकळस्तोवर हलायचं न्हाई."

ते हलले. दुसऱ्या दिवशीही हलले. मग एका सकाळी चहा उकळला आणि शेषेराव होते तिथेच होते. सिंधुने त्यांना चहावरून दुधावर नेलं, दुधावरून भातावर, भातावरून तुरीच्या डाळीवर. आणि त्यांच्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजणं म्हणजे तपश्चर्याच. लग्नानंतर प्रथमच सिंधुचं वाक्य संपेपर्यंत नवरा समोर असायचा.

मुसळ छातीशी धरून पुटपुटणारे शेषेराव पाहून शेजारच्या विठाबाईंनी विचारलं, "सिंधे, ह्यांना देव पावला का भूत लागलं?"

"डाळ शिजून राहिली, काकू."

यंदा सप्ताहात एक पहारेकरी तापाने पडला. सिंधुने आप्पांना गाठलं. "ह्यांना द्या, आप्पा."

"फाट्यावर आज बाजार हाय, बाई."

"असू द्या. आमची डाळ शिजली."

आप्पांना काही उमगलं नाही, पण त्यांनी वीणा दिली.

भर दुपारी बाहेर ओरडा झाला: शेषेरावांची म्हैस सुटली. मांडव रिकामा झाला. सिंधुने नवऱ्याकडे पाहिलं. डाव्या पायाचा अंगठा उचलला गेला, थरथरला आणि परत टेकला. नाम तुटलं नाही. सिंधुही उठली नाही. असला नवरा सोडून म्हशीकडे कोण बघतं?

पुढचा पहारा आप्पांचाच होता. वीणा गळ्यात घेऊन ते रीतीप्रमाणे शेषेरावांच्या पाया पडले आणि रीतीपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिले. परतलेल्या लोकांतून कुणीतरी टाळ वाजवला, मग सगळेच वाजवू लागले. त्या दिवशी पंगतीत शेषेराव मांडी घालून बसले आणि वरण त्यांना पहारा संपवून आलेल्या आप्पांनी वाढलं.

म्हशीने तोवर हरभऱ्याचं अर्धं वावर खाल्लं होतं. वावर शेषेरावांचंच होतं.