खंड्या बसला ती फांदी

आमच्या बारकीसारखा फोटो काढणारं माणूस दहा गावांत नाही, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. शहरातल्या एका स्टुडिओत ती ओळखपत्राचे फोटो काढते. "हनुवटी खाली, कान दिसू द्या," दिवसभर हेच. पण सुट्टी मिळाली की बाईसाहेब थेट आमच्या खाणीच्या तळ्यावर. विटांसाठी माती काढलेला खड्डा तो, पुढे पाण्याने भरला. आमचं सगळं लहानपण त्यातच गेलं. तिला पोहायला मीच शिकवलं.

तळ्याच्या उभ्या दरडीत खंड्याचं बीळ आहे. चोचीत मासा धरून पिल्लांकडे निघालेला खंड्या, एवढा एकच फोटो तिला तीन वर्षं हवा होता. यंदा पिल्लं उडायला आलेली, सुट्टी चारच दिवसांची, त्यातले तीन ढगांनी खाल्ले.

मी वेल्डर. लोखंडी गेट बनवतो. नजर अशी, की कुठे काही आडवं आलं तर खपत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर बिळासमोरच पाण्यातून वर आलेली एक वाळकी फांदी. म्हटलं, पोरीला समोरचं नीट दिसू दे. करवतीने साफ उडवली. काम एक नंबर.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन लख्ख. ती आली, बघितलं आणि मटकन खालीच बसली.

"दादा, फांदी कुठंय?"

"कापली. मध्ये येत होती."

"अरे, तो बिळात शिरण्याआधी तिच्यावरच बसतो."

"दुसरीकडे बसेल की."

"हो, तुझ्या डोक्यावर बसेल."

तेवढ्यात खंड्या आला. चोचीत मासा. दोन घिरट्या घातल्या आणि परत फिरला. आत पिल्लं नुसती कलकलत होती. बारकी कॅमेरा पिशवीत भरायला लागली. ते मला बघवेना.

फांदी काठावरच पडली होती. उचलली, पाण्यात शिरलो, जुन्या जागी रोवली. खाली सगळा गाळ, आडवी झाली. दगडांचा टेकू दिला, तरी आडवी. मग लपायला डोक्यावर लव्हाळ्याचा भारा घेतला, गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिलो आणि फांदी हातातच धरली.

"दादा, किती वेळ धरशील?"

"लोखंड उचलणारा हात आहे हा. तू तुझं यंत्र काढ."

अर्धा तास गेला. मासे पायाची बोटं कुरतडत होते. आणि एकदम निळं काहीतरी चमकलं, फांदी जराशी दबली. सांगतो तुम्हाला, वजन असं नाहीच, पण मनगटाला कळलं. त्याने मासा फांदीवर दोनदा आपटला, ते दोन्ही ठोके माझ्या हाडात वाजले. कॅमेरा कटकटकट चालू. मग तो बिळात घुसला आणि पिल्लं गप्प झाली.

"मिळाला?" मी ओठ न हलवता विचारलं.

"मिळाला. असा मिळालाय ना दादा! हलू नकोस, मादी येतेय."

दुपारपर्यंत नर-मादी मिळून सात वेळा बसली. पाचव्या वेळीच माझा हात बधिर झाला होता. पण प्रत्येक वेळी ती म्हणायची, "दादा, अजून एकदाच." मग मी कसला हलतोय.