भंडाऱ्याचं आवतन

मंडळी, आज कामरगावात लोकल बोर्डाच्या निवडणुकीची चौकशी झाली. तक्रार माझीच होती, का उमेदवारानं मतदारांले मतासाठी जेवू घातलं.

नायब तहसीलदारानं एकेकाले विचारलं. सगळे म्हणाले, "साहेब, तो तं देवीचा भंडारा होता." माझा चुलतभाऊही तेच बोलला, माझ्याकडं न पाहता.

परतताना सगळे त्याच उमेदवाराच्या बैलगाड्यांत बसले. मी मागून धुळीत एकटाच चालत आलो.

तिथं सुचलं नाही, आता सुचून राह्यलं. भंडाऱ्याचं आवतन घरोघरी असते. मत तं सारा भरणाऱ्या जमीनवाल्यालेच असते; मी दुसऱ्याची भाजीची वाडी मक्त्यानं करतो, म्हणून मले मत नाही. जेवणाची वांगी माझ्याच वाडीतून गेली. मंग सांगा, मले आवतन काहून नव्हतं?