दारू सोडायला खोडाळ्याला

नाशिकहून जव्हारची एसटी पकडली तेव्हा पिशवीत पाने-पक्कड, टेस्टर आणि दोन शर्ट होते, आणि डोक्यात गुरुवारची काळजी. मी सौर पंप बसवणारा मिस्त्री. दारू सोडणाऱ्यांच्या एका गटात मी दर गुरुवारी जाऊन बसतो. गुरुवार चुकला की मीही चुकतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि या कामात एक गुरुवार जाणारच होता.

त्र्यंबक मागे पडलं, घाट सुरू झाला. मोखाड्याकडच्या उतारांवर नागली (नाचणी) कापून झाली होती. खाचरांतला भात पिवळाधमक उभा होता. काम जामसरला होतं. चौथ्या दिवशी सकाळी पाणी वर आलं, बायकांनी पाइपाखाली हंडे लावले आणि ठेकेदाराने माझ्या पाठीवर थाप मारली.

"मिस्त्री, आज संध्याकाळी जव्हारला तुमच्या लॉजवर बसू. तुमच्यासाठी खास आणलीय."

त्या बिचाऱ्याला माझं काहीच माहीत नव्हतं. मला नाही म्हणायचं होतं, तोंडातून "हो" निघालं. वार गुरुवार.

जव्हारला परतलो आणि समोर दिसलेल्या दवाखान्यात शिरलो. खिडकीतल्या सिस्टरच्या अगदी कानाशी जाऊन विचारलं, "इथे दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठे भरते?"

तिने मान वळवली आणि आतल्या खोलीकडे हाळी दिली, "अगं, या दादांना दारू सोडायचीय! मीटिंग कुठं असते गं?"

सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. आतून उत्तर आलं नाही, रांगेतून आलं. खोकल्याचं औषध घेऊन निघालेली चाळिशीची एक बाई म्हणाली, "खोडाळ्याला. आजच हाय. माझा दादला (नवरा) जातो ना. चला माझ्यासंगं." तिचं नाव सुनंदा.

जीपमध्ये चौदावा मी. निघण्यापूर्वी ड्रायव्हरने विचारलं, "पाव्हणे, खोडाळ्याला कोणाकडं?" मी तोंड उघडायच्या आत सुनंदाबाई म्हणाल्या, "दारू सोडायला चाललेत."

त्यानंतर वाटेत जो जो चढला, त्याला ड्रायव्हरने माझी ओळख करून दिली. शेजारच्या आजीने माझी खालची पापणी ओढून पाहिली. "डोळं पिवळं नाय अजून," तिने सगळ्यांना कळवलं. जीपभर समाधान पसरलं. पुढे एका वळणावर दारूचं दुकान आलं, तेव्हा आजीने आपला खरखरीत तळवा माझ्या डोळ्यांवर घट्ट दाबला. वळण संपेपर्यंत काढला नाही.

बैठक अंगणवाडीच्या ओट्यावर होती. सहा पुरुष आणि त्यांच्या बायका. आमच्या नाशिकच्या गटात घरच्यांना आत घेत नाहीत, नावही सांगायचं नसतं. मी तसं म्हटल्यावर सुनंदाबाईंचा नवरा लक्ष्मण विचारात पडला. "मग हाक कशी मारायची?"

मी नाव सांगितलं. आडनाव, गाव आणि मामाचं गावही सांगावं लागलं.

मग एकेक जण दिवस सांगू लागला. लक्ष्मण उठला. "वीस दिवस."

"अठरा," सुनंदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"अठरा," लक्ष्मण म्हणाला आणि खाली बसला. पुढच्याचे दोन महिने त्याच्या बायकोने मान हलवून मंजूर केले, तेव्हा तो असा फुलला की जणू निवडणूक जिंकला. माझी पाळी आली.

"नऊ महिने."

सगळे आदराने सावरून बसले. सुनंदाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "पण पाव्हण्यांचं खरं कोण सांगल?"

त्या सहज म्हणाल्या होत्या. माझे मात्र कान तापले. नाशिकच्या गटात मी नऊ महिन्यांचाच होतो, त्यावर टाळ्याही घेतल्या होत्या. मध्ये मेव्हण्याच्या वाढदिवसाला दोन ग्लास रिचवले होते, ते कुणालाच बोललो नव्हतो. बायकोला संशय होता, पण तिला कोण विचारणार? इथे बारा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि त्यांतल्या सहा बायका होत्या.

"बावन्न दिवस," मी म्हणालो. डोळे भरून आले. मोठी शरम वाटली.

कुणी रागावलं नाही. लक्ष्मण तर उघड उघड खूश झाला, आमच्यातलं अंतर कमी झालं म्हणून असेल. सुनंदाबाईंनी नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण पुढे केलं. "बावन लय झालं. जेवा."

दिवेलागणीला लॉजवर पोचलो. ठेकेदार ग्लास मांडून बसला होता. "शेठ, मी पीत नाही. बावन्न दिवस झालेत," मी दारातूनच सांगितलं.

"आधी बोलायचं ना!" म्हणत त्याने माझा ग्लास स्वतःकडे ओढला. इतकं सोपं होतं ते.

नाशिकला आल्यावर आधी बायकोला आणि पुढच्या गुरुवारी गटाला खोडाळ्यासकट सगळं खरं सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. पण इतकी वर्षं दारू चोरून प्यायलो आणि सोडली तेव्हाही चोरी सुटली नव्हती, हे त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोललो, आणि घरी येऊन गाढ झोपलो.

त्याआधी बाहेर चपला घालताना गटातले सगळ्यात जुने सभासद हळूच जवळ आले. बारा वर्षं थेंबाला न शिवलेले म्हणून आम्ही त्यांना मानतो. त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"खोडाळ्याची जीप कितीला सुटते?"

मी वेळ सांगितली. ते दोन पावलं गेले आणि परत आले.

"बायकोला न्यावंच लागतं का?"