आप्पा, मेंढा आणि शेततळं

जमिनीवर काठीशिवाय उभा न राहणारा माणूस पाण्यात हात सोडून चालला, तर तो बरा झाला म्हणायचं का? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली ग्रॅज्युएट मीच, त्यामुळे आईला वाटतं मला सगळं येतं… पण हे खरंच येत नाही.

मी बीडला फिजिओथेरपिस्ट आहे. इथल्या एका स्विमिंग पूलची दुपारची एक तासाची वेळ आमच्या क्लिनिकला मिळाली. उन्हानं पाणी छान कोमट झालेलं असतं, गर्दी नसते… आणि गेल्या सोमवारी आमचा पहिला पेशंट पाण्यात उतरला.

पेशंट म्हणजे नांदूरघाटकडचे आप्पा. सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. चार महिन्यांपूर्वी पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं, जखम भरली… पण त्या पायावर भार द्यायची भीती काही जाईना. दिवाळीनंतर कळप चराईला बाहेर निघतो. तोवर चालता आलं नाही, तर कळप आप्पांना सोडून जाणार.

सर्जनची परवानगी होतीच. बीपी, जखम सगळं पुन्हा तपासलं. छातीइतकं पाणी, आप्पांच्या कमरेला पट्टा, पट्टा माझ्या हातात, काठावर लाइफगार्ड… आणि आप्पा चालले. काठीशिवाय, सात पावलं.

मला तर काय बोलू नि काय नको असं झालं. पाणी खालून उचलून धरतं म्हणून खुब्यावर वजन कमी येतं, चारी बाजूंच्या दाबानं सूज उतरायला मदत होते, पाणी कापत चालताना स्नायू भक्कम होतात… मी सांगतच सुटले.

"हे मला कावून सांगती पोरी?" आप्पा म्हणाले. "लोकर कातरायच्या आधी मेंढरं धुतो आमी. एवढा दांडगा मेंढा, पाण्यात हनुवटीखाली हात दिला की फुलावानी हलका."

माझा अख्खा चॅप्टर त्यांनी दोन वाक्यांत संपवला. क्लिनिकमध्ये मी हे प्रत्येकाला सांगत फिरले.

गुरुवारी आप्पा आले ते हसतच. "आता रोज बीडला यायचं काम न्हाई. काल आपल्याच शेततळ्यात उतरलतो."

शेततळं म्हणजे उतारावर प्लास्टिक, त्यावर शेवाळ. धडधाकट माणसालाही तिथून वर येता येत नाही. सोबत कोण होतं, मी विचारलं.

"मेंढा होता की. दोरीचं एक टोक माझ्या कमरंला, दुसरं त्याच्या गळ्यात. तू पट्टा धरती, तसं त्यानं धरलं."

"त्याला बांधावर चारा दिसला म्हणून आप्पा वर आले, ताई," सोबत आलेल्या त्यांच्या सूनबाई मागून म्हणाल्या. "कोपर सोललंय बघा. त्याला तहान लागली असती म्हंजी?"

"आलो न्हवं का वर?" आप्पा.

आधी हसू आलं, मग सोललेलं कोपर नीट बघितलं. चूक माझी होती. पाणी किती चांगलं, एवढंच मी सांगत बसले. सपाट तळ, पायऱ्या, धरायला कठडा, मोजकी खोली आणि शेजारी पोहता येणारं माणूस… हे असेल तरच ते चांगलं, हे मी बोललेच नव्हते.

त्या दिवशी आधी काठावर बसून अर्धा तास नुसतं तेवढंच बोललो. मग आप्पा पाण्यात उतरले आणि पूलची रुंदी तीनदा चालले. बाहेर आल्यावर हातात काठी होती, पण दुखरा पाय पूर्ण टेकत होता… चार महिन्यांत पहिल्यांदा. सूनबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी लावला नाही, कारण माझ्याकडे टॉवेल होता.

काल रविवारी मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. आप्पांच्या मुलानं आणि मी शेततळ्यात गाठी मारलेला दोर सोडला, हवा भरलेली ट्यूब बांधली, आणि तारेच्या कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावलं.

आप्पा बाजेवरून बघत होते. "माज्याच तळ्याला कुलूप?"

"कळप निघेपर्यंत," मी म्हटलं. "तुम्हाला त्याच्यासोबत जायचंय ना?"

आप्पा सुनेला म्हणाले, "हिला च्या कर."

एक किल्ली सूनबाईंना दिली. दुसरी घरातल्या खिळ्यावर लटकणार होती, आप्पांच्या हाताशी. ती पर्समध्ये टाकून मी बीडला घेऊन आले.